समोरच्या दाताचा उडालेला कोपरा, फट आणि तपकिरी डाग : बॉन्डिंग कितपत उपयोगी?

किनवट तालुक्यातील एका शिक्षक वडिलांनी विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर आहे. त्यांची मुलगी २१ वर्षांची आहे. ३ वर्षांपूर्वी दुचाकीवरून पडल्यामुळे तिच्या वरच्या समोरच्या उजव्या दाताचा कोपरा उडाला. समोरच्या दोन दातांमध्ये साधारण १ मिलिमीटरची फट पूर्वीपासूनच आहे, आणि लहानपणापासून बोअरचे पाणी पिण्यात आल्यामुळे दातांवर तपकिरी डाग आहेत. लग्न दोन महिन्यांवर आले आहे. एका दवाखान्यात चार दातांचे रूट कॅनॉल करून चार कॅप बसवाव्यात असे सांगितले गेले, तर दुसऱ्या ठिकाणी एकाच बैठकीत सगळे बॉन्डिंग करून देण्याची तयारी दाखवली गेली. यांपैकी कोणाचे ऐकावे, आणि बॉन्डिंग खरोखर टिकते का, असा त्यांचा प्रश्न आहे.

गुरुजी, मी लातूरला २७ वर्षे दातांचे काम करीत आहे आणि आपण वर्णन केली तशी तोंडे मी मराठवाड्यात सतत पाहिली आहेत. मुलीला प्रत्यक्ष तपासल्याशिवाय शेवटचा शब्द देता येणार नाही, परंतु आपण लिहिले आहे तेवढ्यावरून माझे मत स्पष्ट आहे. चार कॅपचा सल्ला कृपया स्वीकारू नका. कोपऱ्यासाठी बॉन्डिंग हाच योग्य उपाय आहे. डागांसाठी मात्र आधी दुसरे उपचार करावे लागतील आणि बॉन्डिंगची पाळी त्यानंतर येईल. फट बुजवायची की नाही, हे मुलीने ठरवायचे आहे. दोन महिन्यांचा अवधी पुरेसा आहे, पण कामाचा क्रम चुकला तर तोच अवधी अपुरा पडेल.

बॉन्डिंग म्हणजे दाताच्या रंगाचे कंपोझिट नावाचे मऊ मिश्रण दातावर चिकटवून, त्याला हवा तो आकार देऊन, निळ्या प्रकाशाने कडक करणे. कंपोझिटमध्ये राळेसारखे रेझिन आणि काचेची किंवा सिलिकाची अतिसूक्ष्म पूड असते. हे मिश्रण दातावर का चिकटते, हे समजले की ते कोठे टिकेल आणि कोठे टिकणार नाही याचा अंदाज आपल्यालाही बांधता येईल. पाटा गुळगुळीत झाला की त्यावर वाटण नीट होत नाही, म्हणून त्याला टाकी लावतात. दातावर तेच काम आम्ल करते. धातूवर रंग पक्का बसावा म्हणून कारखान्यांत पृष्ठभागाला फॉस्फोरिक आम्ल लावतात, हे पाहून मायकेल ब्युनोकोर या अमेरिकी दंतशास्त्रज्ञाने १९५५ साली तोच प्रयोग दाताच्या एनॅमलवर, म्हणजे सर्वांत बाहेरच्या कठीण थरावर, केला आणि एरवी निसटून जाणारे रेझिन तेथे घट्ट बसते असे दाखवून दिले. पुढे १९६२ साली राफाएल बोवेन यांनी ज्या रेझिनचे पेटंट घेतले, त्याच्या पायावर आजची बहुतेक कंपोझिट उभी आहेत. सध्या आम्ही साधारण ३७ टक्के तीव्रतेचे आम्ल १५ ते ३० सेकंद लावून धुऊन टाकतो. त्यामुळे एनॅमलवर डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रे तयार होतात, त्यांत पातळ रेझिन शिरते, आणि प्रकाशाने ते कडक झाले की त्याची मुळे एनॅमलमध्ये रुतून बसतात.

यातला महत्त्वाचा शब्द एनॅमल हा आहे. एनॅमल सुमारे ९६ टक्के खनिजाचे आणि कोरडे असते, म्हणून तेथील पकड उत्तम असते आणि वर्षानुवर्षे टिकते. त्याच्या आतल्या डेंटिनमध्ये पाणी आणि प्रथिने बरीच असतात. तेथेही बॉन्डिंग होते, परंतु ती पकड काळाबरोबर हळूहळू क्षीण होत जाते. कॅपसाठी दात घासला जातो तेव्हा सगळ्या बाजूंनी साधारण १ ते दीड मिलिमीटर थर काढला जातो, आणि समोरच्या दातावरचे एनॅमल जेमतेम तेवढेच जाड असते. म्हणजे निसर्गाने दिलेला सर्वांत भक्कम थर जवळजवळ संपूर्ण जातो आणि तो पुन्हा कधीही येत नाही. २१ वर्षांच्या मुलीच्या दातातील नस मोठी असते. दात इतका घासल्यावर तिला इजा होण्याची शक्यता राहते, आणि बहुधा म्हणूनच आधी रूट कॅनॉल करून घेण्याचे सुचवले गेले असावे. जिवंत, न दुखणाऱ्या चार दातांच्या नसा केवळ डाग आणि एक तुटका कोपरा यांसाठी काढून टाकणे मला कोणत्याही अर्थाने योग्य वाटत नाही. कॅपलाही आयुष्य असते. ती बदलावी लागेल तेव्हा दात आणखी घासला जाईल, आणि तेव्हा मुलगी कदाचित पस्तिशीतच असेल. बॉन्डिंगमध्ये दात जवळपास कापलाच जात नाही, त्यामुळे पुढे कोणताही उपाय करण्याची वाट मोकळी राहते.

एका गोष्टीची खात्री मात्र आधी करून घ्या. कोपरा उडालेल्या दाताला ३ वर्षांपूर्वी मार बसला होता. अशा दाताची नस काही वेळा गाजावाजा न करता, काहीही न दुखता मरते आणि ते पुष्कळ उशिरा लक्षात येते. म्हणून त्या दाताचा एक्स-रे आणि नस जिवंत आहे की नाही याची थंड स्पर्शाची तपासणी बॉन्डिंगच्या आधी झालीच पाहिजे. शेजारच्या दातांपेक्षा तो करडा दिसत असेल, तर ही शंका अधिकच घ्यावी. नस मेलेली आढळली तर त्या एका दाताचे रूट कॅनॉल करावे लागेल, आणि त्यानंतरही, दात पुरेसा शिल्लक असल्यामुळे, कोपरा बॉन्डिंगनेच करता येईल.

आता कोपऱ्याचे काम चांगले कसे होते ते सांगतो, कारण येथे हाताचा आणि वेळेचा फरक फार पडतो. दाताची छटा सर्वांत आधी, दात ओले असताना आणि शक्यतो दिवसाच्या उजेडात ठरवावी लागते. तोंड उघडे राहून दात सुकले की काही मिनिटांतच ते पांढरट दिसू लागतात, आणि त्या वेळी निवडलेली छटा दुसऱ्या दिवशी परकी वाटते. मी थोडे कंपोझिट दातावर नुसते ठेवून, प्रकाश देऊन, पेशंटच्या हाती आरसा देतो आणि मगच पुढे जातो. त्यानंतर तुटलेल्या कडेला बारीक उतार दिला जातो, म्हणजे जुन्या आणि नव्या भागातली रेघ दिसत नाही. मग दात लाळेपासून वेगळा करावा लागतो. त्यासाठी रबर डॅम नावाचा पातळ पडदा लावणे सर्वांत चांगले. आम्ल धुऊन झाल्यावर त्या पृष्ठभागावर लाळेचा किंवा रक्ताचा एक थेंब जरी आला, तरी वर सांगितलेली सूक्ष्म छिद्रे बुजतात आणि काम बाहेरून सुंदर दिसूनही काही महिन्यांत निखळते. ‘बॉन्डिंग टिकत नाही’ अशी तक्रार घेऊन आलेल्यांचे जुने काम काढताना कारण पुष्कळदा येथेच सापडते. हिरड्या सुजलेल्या आणि रक्त येणाऱ्या असतील, तर आधी दात स्वच्छ करून हिरड्या बऱ्या होऊ देणे याच कारणासाठी आवश्यक आहे.

कंपोझिट एकदम न भरता थराथराने भरतात. कडक होताना ते किंचित आकसते आणि प्रकाश साधारण २ मिलिमीटरच्या पलीकडे पुरेसा पोहोचत नाही. शिवाय खरा दात एका रंगाचा नसतो. आत डेंटिनचा पिवळसर, अपारदर्शक गाभा असतो, त्यावर एनॅमलचे दुधी आवरण असते आणि अगदी टोकाशी थोडी निळसर पारदर्शकता असते. एकाच छटेचा गोळा लावला तर कोपरा जागेवर येतो, पण दोन हातांवरूनही तो लावलेला आहे हे कळते. शेवटी घासून चकाकी आणण्याचे काम येते, आणि घाईत सर्वाधिक कात्री यालाच लागते. पृष्ठभाग खडबडीत राहिला तर चहा आणि हळद तेथे लवकर मुरतात, हिरडीजवळ कीट साचते आणि वर्षाच्या आत कडेला पिवळी रेघ उमटते. एका कोपऱ्याला नीट काम करायचे तर मला तासभर लागतो. सगळे दात एकाच बैठकीत उरकून देण्याच्या तयारीबद्दल म्हणूनच मी साशंक आहे. हे काम एका बैठकीत होऊ शकते हे खरे, परंतु आपल्या मुलीच्या बाबतीत त्याआधी जे व्हायला हवे ते एका बैठकीत होणार नाही.

ते म्हणजे डाग. किनवट-माहूर भागासह मराठवाड्याच्या अनेक तालुक्यांत खोल बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आढळते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने लिटरला १ मिलिग्रॅम ही स्वीकार्य मर्यादा ठेवली आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर दीड मिलिग्रॅमपर्यंत सूट आहे. जन्मापासून साधारण ८ वर्षांपर्यंत, समोरचे कायमचे दात जबड्याच्या आत घडत असताना, जास्त फ्लोराइड पोटात गेले तर एनॅमलची घडण बिघडते. दात उगवतात तेव्हाच त्यांच्यावर खडूसारखे पांढरे ढग किंवा आडवे पट्टे असतात, आणि पुढे ते हळूहळू तपकिरी होत जातात. हा घाणीचा थर नाही आणि मुलीच्या ब्रश करण्यातला दोषही नाही. असे डाग असलेल्या मुलींना ‘दात घासत नाहीस का’ हे ऐकत मोठे व्हावे लागते आणि त्या हसताना तोंडावर हात किंवा पदर धरायला शिकतात. त्याचे मला फार वाईट वाटते. कोळसा, राख, मीठ-लिंबू किंवा मिश्रीने घासून हे डाग जात नाहीत, उलट एनॅमल झिजते. एक गैरसमजही दूर करतो. फ्लोराइडमुळे डाग पडले म्हणून पुष्कळ घरांत मोठी माणसे फ्लोराइडची टूथपेस्ट बंद करतात. दात पूर्ण तयार झाल्यानंतर त्या पेस्टमुळे असे डाग पडत नाहीत, आणि कीड रोखण्यासाठी ती हवीच. जपायचे ते लहान मुलांना. ३ ते ६ वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढीच पेस्ट द्यावी, ३ वर्षांखालील बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी, आणि ती गिळू देऊ नये. घरात लहान भावंडे किंवा भाचरे असतील तर बोअरचे पाणी तपासून घ्या. पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही, आरओ यंत्राने ते बरेच कमी होते.

डाग असलेल्या एनॅमलचा बॉन्डिंगशी थेट संबंध आहे. असे एनॅमल वरच्या बाजूला आम्लाला अधिक दाद न देणारे आणि त्याखाली सच्छिद्र असते. नेहमीच्या वेळेत आम्ल तेथे हवे तसे काम करीत नाही आणि कंपोझिटची पकड कच्ची राहते. त्यामुळे वरचा थर किंचित घासून घेणे किंवा आम्ल जास्त वेळ ठेवणे असे बदल करावे लागतात. दुसरी अडचण दिसण्याची आहे. गडद तपकिरी डाग झाकायचा तर कंपोझिट अपारदर्शक आणि जाड लावावे लागते, आणि मग दात रंग दिलेल्या भिंतीसारखा सपाट, निर्जीव दिसतो. म्हणून मी आधी डाग फिका करतो आणि झाकण्याचा विचार त्यानंतर करतो. सौम्य आम्ल आणि बारीक पूड यांनी एनॅमलचा अगदी पातळ थर घासून काढण्याची मायक्रोॲब्रेजन नावाची पद्धत वरवरच्या तपकिरी डागांवर चांगली चालते. त्यानंतर दातांच्या मापाचा ट्रे करून रात्री घरी लावायचे ब्लीचिंग, म्हणजे औषधाने दात उजळवणे, दोन-तीन आठवडे करता येते. पांढरे ढग उरलेच, तर त्यांत पातळ रेझिन मुरवण्याचा उपचारही आता उपलब्ध आहे. इतके झाल्यावर पुष्कळ मुलींना डागांसाठी बॉन्डिंगची गरजच उरत नाही. जेथे एनॅमलला खड्डे पडले आहेत तेवढेच कंपोझिटने भरावे लागतात.

ब्लीचिंग आणि बॉन्डिंग यांच्यामध्ये किमान दोन आठवडे जाऊ द्यावेत. ब्लीचिंगनंतर दातात काही काळ प्राणवायू राहतो आणि तो कंपोझिटला नीट कडक होऊ देत नाही. दाताचा नवा रंगही तेवढ्या काळात स्थिर होतो. उलट क्रमाने गेलात, म्हणजे आधी बॉन्डिंग आणि नंतर ब्लीचिंग, तर दात उजळेल आणि कंपोझिट जुन्याच रंगाचे राहील, कारण ब्लीचिंगचा परिणाम कंपोझिटवर होत नाही.

फटीबद्दल थोडक्यात. १ मिलिमीटरची फट बुजवणे सोपे असते. दोन्ही दातांना अर्धे-अर्धे कंपोझिट लावून दोघांची रुंदी सारखी ठेवतात. फट २ मिलिमीटरहून बरीच मोठी असती, तर दात बेढब रुंद दिसू नयेत म्हणून मी तारांचा उपचार सुचवला असता. फट पूर्वीपासून तेवढीच आहे असे आपण लिहिता, ते चांगले लक्षण आहे. मोठ्या वयात वाढत जाणारी फट हिरड्यांच्या आजाराची असू शकते आणि तेव्हा ती बुजवणे म्हणजे आजार झाकणे ठरते. हेही सांगतो की ८ ते ११ वर्षांच्या मुलांच्या समोरच्या दातांतली फट पुष्कळदा सुळे उगवल्यावर आपोआप मिटते, तिला हात लावायचा नसतो. आपल्या मुलीची फट मात्र आता तशीच राहील. आपल्याकडे अशी फट भाग्याची मानणारी माणसे आहेत आणि मुलीला ती स्वतःची ओळख वाटत असेल तर ती अवश्य राहू द्यावी. कृपया हा प्रश्न सासरच्या मंडळींना विचारून ठरवू नका, तिला एकटीला विचारा.

टिकण्याविषयी आपण नेमके विचारले आहे. समोरच्या दातावरचे, बहुतांशी एनॅमलवर असलेले चांगले बॉन्डिंग साधारण ५ ते ८ वर्षे व्यवस्थित चालते, काहींचे त्याहून अधिक. त्या काळात अधूनमधून चकाकी द्यावी लागते, आणि कड उडाली तर तेवढाच भाग पुन्हा लावता येतो. सिरॅमिकचे व्हीनिअर, म्हणजे दाताच्या पुढच्या बाजूला चिकटवायचे पातळ आवरण, अधिक टिकाऊ असते आणि त्यावर डाग धरत नाहीत, पण त्याचा खर्च कित्येक पट असतो आणि तुटले तर बहुधा पूर्ण बदलावे लागते. वरचे आणि खालचे दात टोकाला टोक भिडत असतील किंवा झोपेत दात खाण्याची सवय असेल, तर कोपरा वारंवार उडेल. डॉक्टरांनी चावा आधी तपासला पाहिजे आणि दात खाण्याची सवय असल्यास रात्री घालायचा गार्ड दिला पाहिजे. मुलीला ऊस दातांनी सोलण्याची, शिवताना दोरा तोडण्याची, केसांची पिन दातांनी उघडण्याची किंवा नखे खाण्याची सवय असेल तर ती सोडावी लागेल. उसाचे कांडे सुरीने सोलून, बारीक गंडेऱ्या करून दाढेने खावे. पेरू आणि मक्याचे कणीस यांनाही हाच नियम. भाकरी, हुरडा, रोजचे जेवण यांना काही अडचण नाही. पहिले दोन दिवस चहा, कॉफी आणि हळदीचा गडद रस्सा टाळावा.

वेळेचा हिशेब असा बसतो. या आठवड्यात तपासणी, एक्स-रे आणि दातांची सफाई. हिरड्या आठवडाभरात सुधारल्या की मायक्रोॲब्रेजन, आणि पुढे दोन-तीन आठवडे ब्लीचिंग. त्यानंतर दोन आठवड्यांची विश्रांती, मग कोपरा आणि हवी असल्यास फट. आठवड्याने पुन्हा एकदा चकाकी आणि चावा तपासणे. हळदीच्या दिवसाच्या निदान आठवडाभर आधी सगळे संपलेले असावे, कारण त्या दिवशी तोंडाला हळद लागणार आणि ताज्या कंपोझिटला हळदीचा रंग पटकन धरतो. डाग गडद असतील आणि तीन आठवड्यांत पुरेसे उतरले नाहीत, तर लग्नापुरता फक्त कोपरा करून उरलेले काम नंतर करावे. तेव्हा कोपऱ्याची छटा पुन्हा जुळवावी लागेल, एवढे मुलीला आधीच सांगून ठेवा.

डॉक्टर निवडताना त्यांनी पूर्वी केलेल्या अशाच कामाची, शक्यतो वर्षभरानंतरची, छायाचित्रे पाहायला मागा. रबर डॅम लावणार का आणि एका दाताला किती वेळ देणार, हेही विचारा. चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही. खर्चाची अडचण असेल तर छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयातील याच कामाच्या विभागात वरिष्ठांच्या देखरेखीखाली हे उपचार कमी खर्चात होऊ शकतात. किनवटहून प्रवास लांबचा आहे आणि फेऱ्या अधिक होतील, परंतु तेथे दात उगाच कापला जाण्याची भीती कमी असते.

तपासणीला जाताना मुलीचे पडण्यापूर्वीचे, मोकळेपणाने हसतानाचे एखादे छायाचित्र घरात सापडले तर बरोबर न्या. दहावीच्या निरोप समारंभातले असो वा गावच्या जत्रेतले. उडालेल्या कोपऱ्याचा मूळ आकार, तो गोलसर होता की काटकोनी, आणि शेजारच्या दाताशी त्याची लांबी कशी जुळत होती, हे डॉक्टरला त्यावरून कळेल.